नरकासुर जाळायचाच, पण आधी त्याच्या वाड्यात शिरू या

नमस्कार.

‘खाणपट्ट्यातला एक’ अशी सही करून तुम्ही सडेतोड प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: गोव्यात मांडवीकाठचा खनिज भरायचा एखादा धक्का कन्व्हेयरसकट आणि एखादी जुनी बार्ज, म्हणजे खनिज वाहणारी बोट, जपून ठेवावी, असं मी लिहिलं होतं. मराठीत कोणी वीर-राक्षसांची महाकादंबरी लिहायला घेतली तर असुराचा मुलूख डिचोली ते सांगे या खाणपट्ट्यात आयता मिळेल, अशी पुस्तीही जोडली होती. तुमचं म्हणणं असं, की खाणींनी शेतं गाडली, विहिरी आटवल्या. नरकासुराचा पुतळा दिवाळीच्या पहाटे जाळायचा असतो, त्याचं म्युझियम करायचं नसतं. आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या ज्या टोलकीनचा मी दाखला देतो, त्यानेच कारखान्याला असुराच्या गोटात बसवलंय. तेव्हा आधी तो तरी नीट वाचा.

शेतं आणि विहिरी यांबद्दल आपला वादच नाही. लईराई देवीच्या शिरगावात पाण्याचं काय झालं, हे अख्ख्या गोव्याला ठाऊक आहे. खंदक भूजलाच्या खाली गेला की पाणी सतत उपसावं लागतं, आणि ते आजूबाजूच्या विहिरींचंच असतं. टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती बाहेर पडते. तिचे डंप, म्हणजे ढिगारे, पावसात कुणाच्या शेतात उतरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी कुठे बसून लिहितो यावरही तुम्ही टोला हाणलाय. हाणा. धूळ माझ्या जेवणाच्या ताटात पडली नाही, हे खरंच आहे.

आता टोलकीन. लहानपणी, 1896 ते 1900, तो बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल नावाच्या वाडीत राहिला. तिथली पाणचक्की त्याच्या मनात कायमची घर करून राहिली. त्याच्या कथेतल्या हिरव्यागार गावाचं मूळ तिथे शोधतात, आणि ती चक्की आज संग्रहालय म्हणून उभी आहे. गंमत अशी, की अठराव्या शतकात हीच चक्की मॅथ्यू बोल्टनने भाड्याने घेऊन तिथे धातुकाम चालवलं होतं. पुढे जेम्स वॅटबरोबर वाफेची इंजिनं बनवणारा तोच हा बोल्टन. त्या चक्कीला धुराडंसुद्धा आहे. म्हणजे त्या पोराने ज्याला गावपण समजून जीव लावला, तीही उद्योगाचीच जागा होती. यंत्र दिसलं की असुर, असा सरळ हिशेब त्याच्या पुस्तकात बसतो, त्याच्या आयुष्यात नाही.

आणि पुस्तकातही पुरता बसत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठी आगीत पडते, काळा मनोरा कोसळतो, आणि तरी गोष्ट संपत नाही. वीर घरी येतात तेव्हा बाहेरच्या लोकांनी गावची जुनी चक्की पाडून मोठी उभारलेली असते, धूर आणि घाण ओढ्यापर्यंत पोचलेली असते. चक्कीवाल्याचा मुलगा त्याच बाहेरच्या लोकांकडे खुशीने राबत असतो. हे वाचताना मला मनोरा आठवत नाही, कर्ज काढून खनिज वाहायचे टिप्पर ट्रक घेतलेली आपली माणसं आठवतात. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा तीच ‘खाण अवलंबित’ झाली. त्यांना राक्षस म्हणायची माझी तयारी नाही. तुमची आहे का?

त्या गोष्टीत शेवटी नवी बांधकामं पाडतात आणि विटा जुनी घरं दुरुस्त करायला वापरतात. हा मुद्दा तुमच्या बाजूचा. तुम्ही मांडला नाहीत, म्हणून मीच मांडतो! पण तिथे ते राज्य जेमतेम वर्षभर टिकलं होतं. कोणी काय नेलं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीतल्या खाणींच्या सवलती, 1987 च्या कायद्याने त्यांची झालेली लीजं, म्हणजे भाडेपट्टे, मग 2012 ची बंदी, 2018 मध्ये रद्द झालेली 88 लीजं, एवढा पसारा आहे. 22 नोव्हेंबर 2007 नंतरचं खाणकाम बेकायदा होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ठरवलं. लीज कधी संपलं, या कागदोपत्री प्रश्नावर ते ठरलं, तलवारीच्या जोरावर नाही.

नरकासुराचंच घ्या. आपल्याकडे पोरं कितीतरी रात्री जागून गवत, कागद, बांबू आणि तारा जोडून त्याला उभा करतात. कृष्णाच्या वाट्याला पहाटेची पाच मिनिटं येतात. मग अर्धवट जळलेल्या तारा रस्त्याकडेला पडून राहतात, टायर पंक्चर करायला. पण भागवताच्या दशम स्कंधात काय आहे पाहा. नरकासुर हा भूमीचाच मुलगा. तो पडल्यावर भूमी स्वतः पुढे येते आणि त्याने लुबाडलेली अदितीची कुंडलं परत करते. कृष्ण त्याची राजधानी प्राग्ज्योतिषपूर जाळत नाही. आत शिरतो, कोंडलेल्या राजकन्या त्याला सापडतात, त्यांची तो सोय लावतो. नरकासुराच्या मुलाला, भगदत्ताला, अभय देतो. मग कुंडलं अदितीच्या हातात पोचवतो. आपण जाळण्यावर थांबलो. कुणाचं काय लुबाडलं ते वाड्यात शिरल्याशिवाय कळत नाही, आणि मला धक्का-बार्ज हवी ती एवढ्याचसाठी.

निष्पाप वारसा हवा असेल तर तो गोव्यात मिळायचा नाही. मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वेवर आपण सगळेच लट्टू. ती 1888 मध्ये पुरी झाली, पण तिची मुळं 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात आहेत. त्याच कराराने गोव्याच्या मिठाची मक्तेदारी इंग्रजांच्या हाती गेली आणि आपली मिठागरं खंगली. आगरवाड्याला अजून मीठ पिकतं, ते त्या तडाख्यातूनही तगलेलं. दूधसागरजवळून जाणाऱ्या गाडीचे फोटो टाकताना मिठागराचं नाव कोणी काढत नाही.

बार्ज मला तशी, नुसती फोटोपुरती, नकोय. ती उभी करायचीच तर पूर्ण भरलेली दाखवायची, पाणी काठाच्या जेमतेम खाली. पावसाळ्यात आग्वादजवळचं मांडवीचं तोंड बंद झालं की मांडवीतल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत आणि तिथून मुरगावला जायच्या. तो मार्ग नकाशावर हवा. शेजारी शिरगावच्या विहिरींची पातळी आणि गाडलेल्या शेतांचे सर्व्हे नंबर. टिप्परच्या हप्त्यांची पुस्तकंही हवीत. धक्का कुठला, यावर मी अडून बसलेलो नाही. आमोणे म्हणा, सारमानस म्हणा. पण फलकावरचा मजकूर पणजीत बसून कोणी लिहू नये. तो तुमच्या पट्ट्यातल्यांनी लिहावा, आणि पहिला खर्डा तुमच्याकडून आला तर मी तो इथे जसाच्या तसा छापीन, माझ्यावरच्या टोल्यांसकट.