‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षं थांबा’: खुलासा

‘मुलगे उशिराच बोलतात. ३ वर्षांपर्यंत डॉक्टर नको, मधात वेखंड चाटवा,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक काही महिन्यांचा, वर्षांचा नव्हे.

१२ महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’सारखे आवाज आणि हाक मारल्यावर वळून पाहणं; १८ महिन्यांपर्यंत काही अर्थपूर्ण शब्द आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवणं; २ वर्षांला ‘दूध दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडणं. (आपण म्हटलेलंच परत म्हणणं यात धरू नये.) यातली एक जरी गोष्ट त्या वयापर्यंत दिसत नसेल, तर तपासणी करून घ्या. येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, लगेच. मूल वेळेआधी, समजा ४० ऐवजी ३२ आठवड्यांचं जन्मलं असेल, तर २ वर्षांपर्यंत वयातून ८ आठवडे वजा करून मोजा.

सगळ्यात आधी कान. ताट वाजवल्यावर मूल दचकलं म्हणून निर्धास्त होऊ नका; मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘फ’ ऐकू येत नसतील. त्यासाठी ओएई किंवा बेरा ही यंत्राने होणारी श्रवण चाचणी लागते.

वेखंडाने वाचा येते याला पुरावा नाही. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना किंवा थेट जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) दाखवा.