वेग बोटात नसतो: मिरजेच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतरांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे: २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिडवरच्या (ठराविक सेकंदांत गोळी मारायच्या टप्प्यावरच्या) माझ्या लेखात ड्राय सरावावर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबण्याच्या सरावावर, नको तितका भर दिला; वेग हवा तर पोरांनी भराभर झाडायलाच हवं; .२२ पिस्तूल रिकामं चालवू नये हे सांगायचं राहिलं. आणि ज्यांच्याकडे फक्त दहा मीटरचा हॉल आहे त्यांनी काय करायचं, यावर एक ओळही नाही.

शेवटचे दोन मुद्दे मान्य. .२२ रिमफायर असल्याने (पिन काडतुसाच्या कडेवर आदळते) काडतूस आत नसेल तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळू शकते. पिस्तुलाला ड्रायची वेगळी सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर डमी काडतूस. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं, आज घालतो.

पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र मी ठाम आहे. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली, सात सेकंद थांबायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत एक गोळी, असं पाच वेळा. तीन सेकंद अपुरे पडतात ते बोट संथ आहे म्हणून नाही, कामं एकामागून एक होतात म्हणून. आधी हात वर, मग साईट (नळीवरची पुढची पट्टी आणि मागची खाच) जुळवणं, मग ट्रिगरची आठवण. तोवर अडीच सेकंद गेलेले असतात आणि बोट झटका देतं. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी अशा वेळी बहुधा डावीकडे खाली जाते. त्याला आणखी घाईने झाडायला लावलं तर तो झटकाच अंगात मुरतो. हात अर्ध्यावर येईपर्यंत ट्रिगरचा पहिला टप्पा (सुरुवातीची हलकी ओढ) घेऊन झालेला हवा, आणि हात थांबता थांबता दुसऱ्या टप्प्यावरचा दाब वाढत असायला हवा. मग गोळी दोन ते अडीच सेकंदांच्या मधे आपोआप सुटते.

आणि ड्रायच का? दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलाचं (हवेच्या दाबाने पेलेट, म्हणजे छर्रा, मारणाऱ्या) उदाहरण घ्या. त्याच्या दोन साईटमधलं अंतर साधारण ३२ सेंटीमीटर धरा. ट्रिगर सुटताना फ्रंट साईट खाचेत अर्धा मिलीमीटर सरकली, तर दहा मीटरवर भोक जवळपास १६ मिलीमीटर बाजूला पडतं. म्हणजे जेमतेम नऊ गुण. उलट साईट जुळलेली ठेवून अख्खा हात पाच मिलीमीटर सरकला, तर भोकही पाचच मिलीमीटर सरकतं आणि दहा गुण कायम राहतात. तो अर्धा मिलीमीटर पेलेट सुटताना दिसत नाही, कारण डोळा कार्डाकडे पळालेला असतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर मात्र तो लपत नाही. ट्रिगर सुटल्यावर दोन सेकंद हात तसाच ठेवा आणि फ्रंट साईटच्या दोन्ही बाजूंच्या फटी बघा. डावी फट अरुंद झाली की गोळी डावीकडे गेली, असं समजून वहीत लिहा. रोज असे तीसच ड्राय शॉट, पण प्रत्येकाची नोंद.

आता तुमच्या हॉलचं. पुण्यातल्या बालेवाडीला जाऊन २५ मीटरवर सराव करायचा तर मिरजेहून अख्खा दिवस मोडतो, हे खरं. पण टार्गेट लहान करता येतं. रॅपिडच्या टार्गेटचं काळं वर्तुळ ५०० मिलीमीटरचं आणि दहाचं वर्तुळ १०० चं असतं. दहा मीटरसाठी ते अनुक्रमे २०० आणि ४० करा. नऊचं ७२, आठचं १०४. डाव्या-उजव्या बाजूच्या आडव्या पांढऱ्या पट्ट्याही विसरू नका, ५० बाय २ मिलीमीटर. साध्या काळ्या कार्डशीटवर कंपासने अर्ध्या तासात होतं. मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा.

वेळेसाठी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा: सात सेकंद शांतता, टण्, तीन सेकंद, टण्. एअर पिस्तूल एकेका पेलेटचं असल्याने सात सेकंदांत भरताना घाई होते आणि सगळा ताल मोडतो. म्हणून सात-तीनचा ताल ड्रायमध्येच करा, पाच-पाचच्या चार फेऱ्या. त्यानंतर पेलेट भरून तीन सेकंदांचे दहा सुटे शॉट, प्रत्येकाआधी पुरता दम घेऊन. दुसरा टण् वाजला आणि शॉट सुटला नसेल तर हात खाली आणा, मारू नका. हे पोरांना सर्वांत जड जातं आणि नेमकं तेच त्यांना शिकायचं असतं.

आणखी एक: पेलेट जोडीदाराने भरायचं, मधूनच न भरता पिस्तूल द्यायचं. रिकाम्या वेळी नळी खाली झुकली की धक्क्याची धास्ती उघडी पडते. हे दाबलेल्या हवेच्या पिस्तुलावरच करा. स्प्रिंगचं पिस्तूल रिकामं मारलं तर आतला पिस्टन जोरात आदळून खराब होतो. आणि पेलेट असो-नसो, नळी कायम टार्गेटकडेच.

तीन आठवडे वह्या ठेवा आणि भोकं डावीकडे खाली जास्त पडतात की सरळ खाली, ते कळवा. सरळ खाली असतील तर चूक बहुधा मनगटाची आहे, बोटाची नाही, आणि तिचा सराव वेगळा सांगावा लागेल.