‘फोल्डर हलवायला दिला, फायलीच उडवल्या’ या रिव्ह्यूला देवगडच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. तुमचं म्हणणं असं की वनड्राइव्हचा (फायली इंटरनेटवर साठवून सगळ्या मशीनवर सारख्या ठेवणाऱ्या सेवेचा) फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवायच्या, म्हणजे कट-पेस्टच्या कामाला लॅपटॉप दिवसभर ठेवून घेतला, वर पाचशे रुपये लावले, पेनड्राइव्हवर टाका सांगितलं तर नाही म्हटलं, आणि नंतर गेल्या सीझनचा फोल्डर वाशीला मुलाच्या कॉम्प्युटरवरून गायब झाला. शेवटची गोष्ट महत्त्वाची, म्हणून आधी तीच.

फोल्डर उडालेला नाही. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिन उघडा, फोनवर सांगितलं होतं तसं. त्यात फोल्डरच्या नावासमोर डिलीट झाल्याची तारीख दिसते, ती रविवारची आहे. लॅपटॉप तुम्ही शुक्रवारी नेलात, रविवारी आमचं शटर खाली असतं. त्या दिवशी बॅकअप म्हणून तुम्ही तो फोल्डर कट करून पेनड्राइव्हवर टाकलात, हे तुम्हीच बोललात. कॉपी केला असतात तर काही बिघडलं नसतं. कट केला की वनड्राइव्हच्या लेखी तो डिलीट; लॅपटॉपवरून गेला की वेबवरून जातो आणि त्या अकाउंटला जोडलेल्या प्रत्येक मशीनवरूनही.

आता दिवसभराचं. वनड्राइव्हला जागा बदलायचं सरळ बटण नाही. सेटिंगमध्ये जाऊन पीसी अनलिंक करायचा, म्हणजे अकाउंटपासून तोडायचा, फोल्डर डी ड्राइव्हवर न्यायचा, पुन्हा लॉगिन करून तोच फोल्डर दाखवायचा. मग ते एकेक फाइल वेबवरच्या फाइलशी ताडून बघत बसतं. तुमच्याकडे दलालांच्या पट्ट्यांचे, म्हणजे आंबा विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचे हजारो फोटो, पेट्यांची लेबलं, जीआयची (भौगोलिक मानांकनाची) कागदपत्रं. शिवाय अनलिंक करण्याआधी पाहिलं तर काही पट्ट्यांवर लाल फुली होती, म्हणजे त्या वेबवर गेलेल्याच नव्हत्या. त्या आधी वर चढवल्या, मग फोल्डरला हात लावला. त्यात दुपारी लाईट गेली, ती देवगडात कोणाच्या हातात असते ते तुम्हालाही ठाऊक आहे. पाचशे रुपये या सगळ्याचे आहेत, ते परत मिळणार नाहीत.

पेनड्राइव्हवर वनड्राइव्हचा फोल्डर चालत नाही. त्याला एनटीएफएस फॉरमॅटची, कायम जोडलेली डिस्क लागते.

खरं तर नुसती सी ड्राइव्हची जागा हवी होती तर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ पुरेसं होतं. फाइलवर ढगाचं चिन्ह येतं आणि ती उघडाल तेव्हाच उतरते. हे मी सुचवलंही होतं. पण बागेत नेट नसतं, पट्ट्या तिथेच उघडायला हव्यात, असं तुम्ही म्हणालात. ते बरोबरच होतं, म्हणून फोल्डर हलवला.

आता एवढंच करा. वेबवरच्या बिनमध्ये फायली ३० दिवस राहतात, त्याच्या आत तो फोल्डर निवडून ‘रिस्टोअर’ दाबा. वाशीला आपोआप परत दिसेल. पेनड्राइव्हवरचा मात्र पुन्हा आत पेस्ट करू नका, नाहीतर सगळं डबल होईल. आणि रिस्टोअर होईपर्यंत तो पुसूही नका. जमत नसेल तर दुकानात या, त्याचे पैसे नाहीत. फक्त येताना चार्जर आणा, मागच्या वेळी आमचाच लावला होता.