नेमके कुठले विधान नाकारता?

महाविद्यालयात नीतिशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम कशासाठी घ्यावा, असे विचारले की सहसा दोन उत्तरे मिळतात. एक वडीलधाऱ्यांचे: त्याने माणूस चांगला होतो. दुसरे माहितीपत्रकातले: त्याने चिकित्सक विचाराची क्षमता वाढते. पहिल्या उत्तराला पुरावा फारसा नाही आणि दुसरे इतके ढोबळ आहे की संख्याशास्त्रापासून साहित्यसमीक्षेपर्यंत कुठल्याही विषयाला ते चिकटवता येईल. विज्ञान शाखेत शिकत असताना मी हा अभ्यासक्रम ऐच्छिक विषय म्हणून घेतला होता, आणि तेव्हापासून तो घ्यावा की नाही असे विचारणाऱ्यांना मी ‘जरूर घ्यावा’ असेच सांगत आलो आहे. मात्र त्यातून जे मिळते ते बरेच नेमके आणि काहीसे कोरडे असते. न पटणाऱ्या युक्तिवादातले कुठले विधान आपण नाकारत आहोत आणि का, हे स्वतःला सांगता येण्याची सवय लागते, इतकेच. दुर्दैवाने हा विषय ज्या पद्धतीने सर्रास शिकवला जातो, त्या पद्धतीत नेमकी हीच सवय लागत नाही.

उदाहरणाशिवाय हे बोलणे पोकळ ठरेल, म्हणून एक युक्तिवाद जवळून पाहू. पूर्व बंगालमधील लक्षावधी निर्वासितांची उपासमार चालू असताना, 1971 च्या अखेरीस, पीटर सिंगर या तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला आणि तो 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. नीतिशास्त्राच्या जवळपास प्रत्येक प्राथमिक वाचनयादीत तो आजही असतो. त्याचा सांगाडा अगदी साधा आहे. अन्न, निवारा आणि औषधोपचारांअभावी होणारे हाल आणि मृत्यू वाईट आहेत, हे पहिले विधान. एखादी वाईट गोष्ट टाळणे आपल्या हातात असेल आणि त्यासाठी तितक्याच नैतिक मोलाची दुसरी गोष्ट गमवावी लागत नसेल, तर ती टाळणे आपले कर्तव्य आहे, हे दुसरे. दूरच्या लोकांचे असे मृत्यू पैसे देऊन काही प्रमाणात टाळता येतात, हे तिसरे. तेव्हा चैनीवर खर्च होणारा पैसा देऊन टाकणे हा औदार्याचा भाग नसून ते कर्तव्य आहे आणि न देणे चूक आहे. दुसऱ्या विधानाच्या समर्थनार्थ सिंगर उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाचे उदाहरण देतात. कपडे चिखलाने माखतील म्हणून त्या मुलाला बुडू देणाऱ्या माणसाबद्दल आपले मत काय होईल, हे कोणालाही सांगावे लागत नाही.

हा निबंध पहिल्यांदा वाचणाऱ्या वर्गात जे घडते ते पाहण्यासारखे असते. निष्कर्ष जवळजवळ कोणालाच मान्य नसतो, आणि तरीही पहिला अर्धा तास कोणी युक्तिवादाला हात घालत नाही. ‘इतर लोक देत नाहीत, मग मीच का?’ असे एक जण म्हणतो. पण तळ्याकाठी आणखी नऊ माणसे हात बांधून उभी असली, तर पाण्यात उतरण्याचे माझे कर्तव्य एक दशांश होते का, हा मुद्दा सिंगर यांनी निबंधातच घेतलेला असतो. ‘पैसे गरजूंपर्यंत पोहोचतच नाहीत’ असे दुसरी म्हणते. हा आक्षेप दमदार आहे, पण तो तिसऱ्या विधानावर आहे, म्हणजे वस्तुस्थितीवर आहे, आणि पैसे पोहोचवणारी एखादी विश्वासार्ह संस्था सापडली की तो गळून पडतो. ‘माझी कष्टाची कमाई आहे’ असे तिसरा म्हणतो आणि तिथे मात्र गाडी रुळावर येते, कारण हा आक्षेप खरोखर दुसऱ्या विधानावर आहे. स्वतःच्या कमाईवरचा हक्क ही ‘तितक्याच नैतिक मोलाची’ गोष्ट मानायची का? मानायची असेल तर तळ्यातल्या मुलासाठी नवे कोरे कपडे खराब करण्याची सक्तीही मान्य करता येणार नाही. मानायची नसेल तर चैनीच्या पैशाबद्दल वेगळा न्याय कशाच्या आधारावर लावायचा?

या ठिकाणी वर्ग शांत होतो. निष्कर्ष नकोसा आहे एवढे पुरेसे नाही, तो नाकारण्यासाठी आधीची एखादी पायरी नाकारावी लागेल आणि नाकारलेल्या पायरीची किंमत दुसरीकडे कुठेतरी चुकवावी लागेल, हे आयुष्यात पहिल्यांदाच इतके स्वच्छ दिसते. माझ्यापुरते सांगायचे तर मी दुसरे विधान त्याच्या कडक स्वरूपात नाकारतो. एका वेळच्या मदतीला लागू पडणारे तत्त्व आयुष्यभर रोज लागू केले तर माणसाला स्वतःचे म्हणून काही आयुष्यच उरत नाही, आणि असे आयुष्य असणे हीदेखील नैतिक मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते. या उत्तरात फटी आहेत हे मला ठाऊक आहे. मात्र त्या कुठे आहेत हेही मला ठाऊक आहे, आणि अभ्यासक्रमापूर्वी अशा प्रश्नांवर मी जी ठाम मते देत असे त्यांच्याबद्दल असे म्हणता आले नसते.

आता नेहमीची पद्धत पाहा. पहिले दोन आठवडे उपयुक्ततावाद, म्हणजे ज्यातून एकूण सुख जास्तीत जास्त वाढेल ते कृत्य योग्य हा विचार: बेंथम यांचा 1789 चा ग्रंथ, मिल यांचे सुखाच्या उच्च-नीच प्रतींचे विवेचन, मग आक्षेप. पुढचे दोन आठवडे परिणामांपेक्षा कर्तव्याला महत्त्व देणारे कांट आणि आक्षेप. मग अ‍ॅरिस्टॉटल आणि आक्षेप. मग रॉल्स यांचा अज्ञानाचा पडदा, म्हणजे समाजात आपले स्थान काय असेल हे माहीत नसताना न्यायाचे नियम ठरवण्याची कल्पना, आणि वेळ उरला तर कॅरोल गिलिगन यांच्या 1982 च्या ग्रंथातून पुढे आलेली, नात्यांतल्या जबाबदारीला मध्यवर्ती मानणारी काळजीची नीती. प्रत्येक उपपत्ती वर्गात यायची, तिने आपले म्हणणे मांडायचे, दोन-तीन फटके खायचे आणि बाहेर जायचे. सत्र संपेपर्यंत विद्यार्थ्याची पक्की समजूत झालेली असते की प्रत्येक सिद्धान्ताला भोके आहेत, म्हणून सगळे सिद्धान्त सारखेच, म्हणून ज्याचे त्याचे मत. म्हणजे तो ज्या सापेक्षतावादासह वर्गात शिरला होता तोच घेऊन बाहेर पडतो. फरक एवढाच की आता त्याच्यापाशी तो सांगायला जर्मन आणि ग्रीक नावे असतात.

सापेक्षतावादाचा पहिल्याच आठवड्यात नीट समाचार घ्यायला हवा, आणि तो घेणे तसे अवघडही नाही. वेगवेगळ्या समाजांच्या नैतिक समजुती वेगवेगळ्या आहेत, म्हणून नीतीत खरे-खोटे काही नसते, हा युक्तिवाद टिकत नाही. पृथ्वीच्या आकाराबद्दलही समाजांची मते वेगवेगळी होती आणि त्यावरून पृथ्वीला आकार नाही असे ठरले नाही. शिवाय समाज मानतो तेच योग्य असे धरले, तर गुलामगिरी सर्वमान्य असतानाच्या काळात तिला विरोध करणारा प्रत्येक माणूस व्याख्येनेच चुकीचा ठरतो, आणि हे पत्करायला सापेक्षतावादीही सहसा तयार नसतो. नीतीची सत्ये कुठे आणि कशी असतात हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही हे खरे. वस्तुस्थितीच्या विधानांवरून ‘असे असावे’ अशा विधानांकडे उडी कशी मारायची, हा डेव्हिड ह्यूम यांनी 1740 मध्ये उभा केलेला पेच तसाच राहतो. पण ‘ज्याचे त्याचे मत’ हे वाक्य चर्चा संपवण्यासाठी वापरता येत नाही, एवढे तरी निश्चित होते.

फटके खाऊन बाहेर जाणाऱ्या उपपत्तींपैकी कांट यांच्यावर सर्वांत मोठा अन्याय होतो, आणि त्याला बव्हंशी त्यांचा 1797 मधला एक छोटा निबंध कारणीभूत आहे. मारेकरी दाराशी येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का’ असे विचारत असला तरीही खोटे बोलणे चूकच, असे कांट यांनी बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला उत्तर देताना म्हटले. वर्गात हे सांगितले की हशा पिकतो आणि कांट निकालात निघतात. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत असते. दरोडेखोरांपासून पळणारी काही माणसे त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपतात, दरोडेखोर येऊन ती कुठे गेली असे विचारतात, आणि कौशिक व्रताला जागून खरे सांगतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. प्रतिज्ञेपायी थेट युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघालेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण ही कथा ऐकवतो.

प्रसंग जवळजवळ एकच, आणि निवाडे परस्परविरुद्ध. माझ्या मते हे दोन उतारे एकाच तासाला समोरासमोर ठेवून शिकवायला हवेत, कारण मग हसून मोकळे होता येत नाही. कौशिक चुकला असे म्हणणाऱ्याला सांगावे लागते की खोटे बोलण्याची परवानगी देणारा नियम कुठे थांबतो, आणि आपल्या असत्याचे परिणाम आपल्याला आधी कळतात या गृहीताला आधार काय. कांट यांचा एक मुद्दा तिथेच आहे: मित्र घरात नाही असे मी सांगितले, तोवर तो मागच्या वाटेने निसटला होता आणि परतणाऱ्या मारेकऱ्याला रस्त्यातच सापडला, तर त्या मृत्यूची जबाबदारी माझ्यावर येते. उलट कांट यांची बाजू घेणाऱ्याला गप्प राहण्याचा, विषय बदलण्याचा, दार लावून घेण्याचा पर्याय तपासावा लागतो. आणि मग कोणीतरी ‘नरो वा कुंजरो वा’ काढतेच: शब्दशः खरे पण फसवण्याच्याच हेतूने बोललेले वाक्य खोट्यापेक्षा बरे की वाईट? या एका प्रश्नावर अख्खा आठवडा घालवला तरी तो वाया जाणार नाही.

ट्रॉलीच्या कोड्याबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण नीतिशास्त्र म्हणजे रुळांवर माणसे बांधण्याचा खेळ अशी समजूत समाजमाध्यमांनी करून दिली आहे. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी 1967 मध्ये हे उदाहरण गर्भपात आणि द्विपरिणामाचे तत्त्व (हेतुपुरस्सर केलेली इजा आणि केवळ आधी दिसणारा दुष्परिणाम यांत फरक करणारे) यांवरच्या निबंधात ओघात वापरले, आणि त्याला जोडी होती न्यायाधीशाची. ब्रेक निकामी झालेल्या ट्रामचा चालक पाचांना वाचवण्यासाठी एका माणसाकडे गाडी वळवू शकतो असे आपल्याला वाटते, पण दंगलीत मरणाऱ्या पाचांना वाचवण्यासाठी न्यायाधीशाने एका निरपराध माणसाला फाशी देणे आपल्याला घोर अन्याय वाटते. आकडे तेच असताना निवाडे वेगळे का, हा फूट यांचा प्रश्न होता, आणि इजा न करण्याचे कर्तव्य मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा कडक असते, असे त्यांच्या उत्तराचे सार आहे. पाचांना वाचवण्यासाठी गाडीसमोर पुलावरून ढकलायचा जाडा माणूस ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी 1976 मध्ये आणला. गमतीच्या चित्रांत ट्राम टिकून राहिली आणि न्यायाधीश गायब झाला, म्हणजे कोडे उरले आणि ते घालण्याचे कारण गेले.

राहिला माणूस चांगला होण्याचा मुद्दा. या बाबतीत अ‍ॅरिस्टॉटल यांनी फार पूर्वीच इशारा देऊन ठेवला आहे. न्यायी कृत्ये करून माणूस न्यायी होतो. पण बहुतेक लोक कृती टाळून चर्चेचा आसरा घेतात आणि वैद्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकणाऱ्या, पण सांगितलेले काहीच न करणाऱ्या रुग्णांसारखे वागतात. आधुनिक पुरावाही फार वेगळे सांगत नाही. तत्त्वज्ञ एरिक श्विट्झगेबेल यांनी 2009 मध्ये ग्रंथालयांच्या नोंदी तपासून दाखवले की प्राध्यापक आणि वरच्या वर्गांतले विद्यार्थीच वाचतील अशी नीतिशास्त्राची पुस्तके तत्त्वज्ञानाच्या इतर शाखांमधील तत्सम पुस्तकांपेक्षा जास्त प्रमाणात गहाळ होतात. हे वाचून मी मनापासून हसलो होतो. मात्र त्यांनीच सिंगर आणि ब्रॅडफर्ड कोकेलेट यांच्यासह 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मांसाहाराच्या नैतिकतेवर एक निबंध वाचून त्याची चर्चा केलेल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या उपाहारगृहांत मांसाहारी पदार्थ घेण्याचे प्रमाण काहीसे घटले. एकच प्रश्न, एकच निबंध आणि त्यावर नीट चर्चा, एवढ्याने काही हलले असेल, तर पाच उपपत्तींच्या धावत्या दर्शनापेक्षा ती पद्धत आजमावण्यासारखी नक्कीच आहे.

मला शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची निबंध तपासण्याची रीत कडक होती. ‘हे स्पष्टच आहे की’ अशी सुरुवात असलेल्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ आणि समासात ‘कोणाला?’ एवढाच शब्द. विरोधी बाजू एका ओळीत उरकली असेल तर ती बाजू मानणाऱ्या माणसाला वाचून आनंद होईल इतक्या ताकदीने पुन्हा लिहून आणण्याची सक्ती असे, आणि तोवर गुण मिळत नसत. वर्गातल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा या सक्तीने मला जास्त शिकवले, कारण विरोधकाची बाजू जीव ओतून लिहिताना माझ्या स्वतःच्या बाजूतले एखादे विधान हळूच निखळायचे, आणि ते परत बसवायचे की सोडून द्यायचे हे माझे मलाच ठरवावे लागायचे.

म्हणून ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांना माझे एकच सांगणे असते: आधी मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. ‘उपयुक्ततावाद स्पष्ट करून त्यावरील आक्षेप लिहा’ अशाच प्रश्नांनी त्या भरलेल्या असतील, तर त्या सत्रात दुसरा विषय घ्यावा, सिंगर यांचा निबंध, कांट यांचा तो छोटा लेख आणि कर्णपर्वातला कौशिक असे तिन्ही मिळवावे आणि आपल्याशी सहसा सहमत न होणाऱ्या एखाद्या मित्राबरोबर बसून वाचावे.