२०२६चे आकाश आणि 'चुकवू नका' असे सांगणाऱ्या याद्या

जानेवारी उजाडला की 'यंदा आकाशात काय पाहाल' अशा याद्या सगळीकडे फिरू लागतात. ग्रहणे, उल्कावर्षाव, सुपरमून, ब्लू मून, ग्रहांची परेड हे सारे त्यांत एकाच पंगतीला बसवलेले असते आणि प्रत्येकापुढे 'चुकवू नका' असा शेरा असतो. या याद्यांतील तारखा बहुधा बरोबर असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार अचूकतेची नाही, तारतम्याची आहे. जी घटना पाहण्यासाठी समुद्र ओलांडून जावे आणि जी पाहिली काय, न पाहिली काय, फारसा फरक पडत नाही, त्या दोन्हींना सारखेच वजन दिले जाते. शिवाय जे कोणत्याही उपकरणाविना महिनोन् महिने रोज थोडे थोडे बदलताना दिसते, त्याला ठरावीक तारीख नसल्यामुळे यादीत जागाच मिळत नाही. २०२६ हे वर्ष या दोन्ही गोष्टींचे उत्तम उदाहरण आहे.

सर्वांत जास्त मथळे चंद्राच्या वाट्याला येतात. यंदा मे महिन्यात बहुतेक देशांत दोन पौर्णिमा येतात, १ तारखेला आणि ३१ तारखेला. त्यांतील दुसरीला 'ब्लू मून' म्हणण्याची प्रथा असल्याने ३१ मे रोजी निळ्या रंगात रंगवलेल्या चंद्राची चित्रे भरपूर फिरतील. प्रत्यक्षात त्या रात्रीचा चंद्र नेहमीच्याच रंगाचा असेल आणि या वर्षातल्या सगळ्या पौर्णिमांपेक्षा लहान असेल, कारण तो तेव्हा पृथ्वीपासून सुमारे ४ लाख ६ हजार किलोमीटर दूर असेल. याउलट २४ डिसेंबरची पौर्णिमा वर्षातली सर्वांत जवळची आहे. त्या वेळी हे अंतर ३ लाख ५७ हजार किलोमीटरच्या आसपास येईल. 'सुपरमून' हा शब्द रिचर्ड नोल या अमेरिकन ज्योतिषाने १९७९ मध्ये रूढ केला. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पूर्णचंद्राच्या व्यासात सुमारे १४ टक्क्यांचा फरक असतो हे खरे असले, तरी आकाशात शेजारी मापाला दुसरा चंद्र नसतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो फरक सहसा कळत नाही. क्षितिजावरचा चंद्र मोठा भासतो तो दृष्टिभ्रमामुळे, आणि तो भ्रम कोणत्याही पौर्णिमेला होतो. मात्र ३१ मे आणि २४ डिसेंबर या दोन्ही रात्री एकाच कॅमेऱ्याने, एकच झूम ठेवून, चंद्र बराच वर आल्यावर छायाचित्रे घेतली आणि ती शेजारी शेजारी लावली, तर हा फरक ठसठशीत दिसतो. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचा इतका स्वस्त आणि इतका पटणारा पुरावा दुसरा नाही. बाकी वर्षभराच्या सुपरमूनांसाठी जागरण करण्याची गरज मला वाटत नाही.

उल्कावर्षावांच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे आणि त्याची किंमतही अधिक मोजावी लागते, कारण 'ताशी १०० उल्का' हे शब्द वाचून बाहेर पडलेला माणूस दोन तासांत आठ-दहा उल्का पाहून परत येतो आणि पुन्हा वाटेला जात नाही. ताशी १०० हा आकडा एका आदर्श परिस्थितीसाठी काढलेला असतो. उल्का ज्या बिंदूतून येताना भासतात, तो उगमबिंदू थेट डोक्यावर आहे आणि आकाश इतके काळे आहे की ६.५ प्रतीपर्यंतचे अंधूक तारेही दिसतात (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक), असे त्यात गृहीत धरलेले असते. आता उगमबिंदू क्षितिजापासून ३० अंशांवरच असेल, तर हा आकडा निम्मा होतो. शहराच्या कडेच्या आकाशात ४.५ प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील, तर उरलेल्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो. म्हणजे कागदावरच्या १०० उल्का प्रत्यक्षात १० होतात, आणि त्यात कुणाचीही फसवणूक नसते. फक्त हे गणित यादीत कुणी छापत नाही.

चंद्रप्रकाशही असाच घात करतो. म्हणून उल्कावर्षावाची तारीख वाचण्याआधी त्या रात्रीची तिथी पाहावी, हा माझा साधा नियम आहे. त्या नियमाने पाहिले, तर ३ जानेवारीच्या सुमाराचा क्वाड्रंटिड वर्षाव पौर्णिमेतच बुडतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यातला, हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीतून होणारा ईटा अ‍ॅक्वेरिड वर्षाव पौर्णिमेनंतर लगेच येत असल्याने फिका पडतो. २२ एप्रिलच्या स्वरमंडळ उल्कावर्षावाला मध्यरात्रीनंतर अंधार मिळतो. वर्षातले दोन मोठे वर्षाव मात्र यंदा फार नशीबवान आहेत. ययाति (पर्सिड) उल्कावर्षाव १२ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे ऐन अमावास्येला परमोच्च स्थितीत असेल. मिथुन उल्कावर्षावाच्या वेळी, १३ आणि १४ डिसेंबरच्या दरम्यान, चंद्रकोर संध्याकाळनंतर लवकरच मावळलेली असेल. ययातीच्या उल्का स्विफ्ट-टटल या धूमकेतूने मागे टाकलेल्या कणांपासून होतात आणि सेकंदाला सुमारे ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. मिथुनेतल्या उल्का १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाशी निगडित आहेत आणि त्यांचा वेग सुमारे ३५ किलोमीटर असतो. हा फरक डोळ्यांना चांगला जाणवतो: ययातीची उल्का चाबकासारखी सपकन जाते आणि पुष्कळदा मागे धुराची रेघ सोडते, तर मिथुनेची उल्का इतक्या सावकाश सरकते की शेजारच्याला 'तो बघ' म्हणेपर्यंत ती दिसत राहते. दोहोंतून एकच निवडायचा असेल, तर मी डिसेंबर निवडतो. एक तर उगमबिंदू संध्याकाळीच वर येऊ लागतो, आणि दुसरे म्हणजे तो दक्षिण गोलार्धातूनही बऱ्यापैकी दिसतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एकदा मोबाइलचा पडदा पाहिला की तो अर्धा तास पुन्हा शून्यापासून मोजावा लागतो, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे.

ययाति उल्कावर्षावाला १२ ऑगस्टला अमावास्या लाभते, आणि त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहणही आहे. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, तेव्हा ग्रहणाच्या दिवशी येणाऱ्या वर्षावाला अंधारी रात्र मिळणे क्रमप्राप्तच आहे. चंद्राची गडद छाया रशियाच्या उत्तर टोकापासून निघून उत्तर ध्रुवाजवळून ग्रीनलंड, आइसलंडचा पश्चिम भाग आणि शेवटी स्पेनवरून जाईल. खग्रास स्थितीचा सर्वाधिक काळ २ मिनिटे १८ सेकंद असेल, आणि तो आइसलंडच्या पश्चिमेला समुद्रावर. स्पेनमध्ये हे ग्रहण सूर्य मावळतीकडे झुकलेला असताना लागेल, त्यामुळे पश्चिमेकडचे क्षितिज मोकळे असलेली जागा शोधणे हे तिथल्या निरीक्षकाचे पहिले काम आहे. हे ग्रहण १ ऑगस्ट २००८च्या खग्रास ग्रहणाचेच पुढचे भावंड आहे: १८ वर्षे, ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची जवळपास तीच रचना पुन्हा जुळून येते. त्या जास्तीच्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून छायेचा पट्टा पश्चिमेकडे सरकतो. सॅरोस नावाचे हे चक्र बॅबिलोनियातील निरीक्षकांनाही ठाऊक होते.

'आमच्याकडे ९९ टक्के ग्रहण दिसणार आहे, मग १०० टक्क्यांसाठी प्रवास कशाला' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पूर्णचंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पटींनी तेजस्वी आहे, म्हणून उरलेला एक टक्का सूर्यही काही हजार पूर्णचंद्रांइतका प्रकाश देतो. खग्रास स्थितीत सूर्याभोवती दिसणारे तेजोवलय, म्हणजे त्याचे प्रभामंडल, मात्र साधारण एका पूर्णचंद्राइतकेच उजळ असते; ते त्या एक टक्क्यापुढे दिसणे शक्यच नाही. ९९ टक्क्यांचे ग्रहण आणि खग्रास ग्रहण या दोन वेगळ्याच घटना आहेत आणि त्यांतील दुसरीसाठी पैसे साठवून प्रवास करणाऱ्याला मी कधीही वेडा म्हणणार नाही. ज्यांना यंदा जमणार नाही, त्यांच्यासाठी २ ऑगस्ट २०२७चे ग्रहण आहे. ते स्पेनचे दक्षिण टोक आणि उत्तर आफ्रिकेवरून जाईल आणि इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक काळ टिकेल. खग्रास स्थितीचा तेवढा काळ सोडला, तर प्रमाणित ग्रहणचष्म्याशिवाय सूर्याकडे पाहू नये.

१७ फेब्रुवारीचे कंकणाकृती ग्रहण अंटार्क्टिकावर आहे, त्यामुळे ते बहुतेकांसाठी कागदावरच राहील. त्यानंतर पंधरवड्याने, ३ मार्चला, खग्रास चंद्रग्रहण आहे. पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक महासागर आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून ते चांगले दिसेल आणि खग्रास स्थिती सुमारे ५८ मिनिटे राहील. चंद्रग्रहणाला याद्यांमध्ये 'ब्लड मून' एवढेच म्हणून मोकळे होतात, पण त्यातील सर्वांत सुंदर भाग लाल रंगाच्या आधी येतो. दाट छायेची गोलाकार, अंधूक कडा चंद्रबिंब जवळजवळ गिळत आली की द्विनेत्रीतून त्या कडेला निळसर हिरवट झाक दिसते. पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरांतून वाकून आलेल्या प्रकाशातील लाल रंग तिथला ओझोन शोषून घेतो, म्हणून ही झाक येते. नंतर बिंब तांबूस होते, चंद्राचे तेज ओसरते आणि आजवर पौर्णिमेच्या उजेडात हरवलेले सिंह राशीतले बारीक तारे त्याच्या भोवती एकेक करून उगवल्यासारखे दिसू लागतात. २८ ऑगस्टचे चंद्रग्रहण खंडग्रास असले, तरी त्यात चंद्राचा सुमारे ९३ टक्के भाग झाकला जाणार आहे. ते अमेरिका खंड, युरोप आणि आफ्रिका यांच्या वाट्याला येईल.

आता ज्याला तारीख नाही त्याविषयी. माझ्या मते २०२६ हे वर्ष शुक्राचे आहे. ६ जानेवारीला तो सूर्यामागून जातो आणि मार्चपासून संध्याकाळच्या पश्चिमेला स्थिरपणे दिसू लागतो. ९ जूनला तो गुरूच्या शेजारी, दीड अंशाहून थोड्या अधिक अंतरावर असेल; हीच तारीख सगळ्या याद्यांत छापली जाईल. पण त्या युतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे हे दोन तेजस्वी ग्रह रोज थोडे थोडे जवळ येताना पाहणे हे युतीच्या एका संध्याकाळीपेक्षा किती तरी मोठे आहे, आणि त्यात एखादा दिवस ढगाळ गेला तरी काही बिघडत नाही. त्यानंतर शुक्र ९ जुलैच्या सुमारास मघेजवळून आणि ऑगस्टअखेर चित्रेजवळून जातो. १५ ऑगस्टला तो सूर्यापासून सर्वाधिक अंतरावर, सुमारे ४६ अंशांवर असतो आणि लहानशा दुर्बिणीतून अर्ध्या चंद्रासारखा दिसतो. पुढे सूर्याकडे परतताना त्याचे बिंब मोठे आणि कोर बारीक होत जाते, आणि २४ ऑक्टोबरला तो आपल्या आणि सूर्याच्या मधून निघून जाऊन थोड्याच दिवसांत पहाटेच्या पूर्वेला उगवू लागतो. या दहा महिन्यांत त्याचे बिंब सुमारे सहापट रुंद होते. १६१० मध्ये गॅलिलिओने शुक्राच्या कला पाहिल्या आणि सगळे ग्रह पृथ्वीभोवती फिरतात या कल्पनेला त्यांनी जबर धक्का दिला. तोच पुरावा यंदा कुणालाही आपल्या डोळ्यांनी गोळा करता येईल.

गुरू १० जानेवारीला प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ आहे. मार्चपर्यंत तो ताऱ्यांच्या संदर्भात मागे सरकतो आणि मग पुढे वळतो. आठवड्यातून एकदा त्या दोन ताऱ्यांसह त्याची जागा कागदावर टिपली, तरी हे वळण स्पष्ट उमटते. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबरला आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला अगदी धारेवर दिसत होती, आता ती पुन्हा उघडू लागली आहेत, त्यामुळे दुर्बिणीवाल्यांनी गेल्या वर्षीच्या चित्राशी यंदाचे चित्र ताडून पाहावे.

फेब्रुवारीच्या अखेरीस 'सहा ग्रहांची परेड' म्हणून जे गाजेल, त्याविषयी एवढेच सांगतो की सर्व ग्रह नेहमीच क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या, आसपास असतात, त्यामुळे त्यांची रांग ही काही बातमी नव्हे; त्या सहांपैकी नेपच्यून नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही आणि युरेनसला फार काळे आकाश लागते. 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा निरोप तर २००३ पासून जवळपास दर ऑगस्टमध्ये फिरतो. त्या वर्षी मंगळ खरोखरच विक्रमी जवळ, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, पण तेव्हाही तो डोळ्यांना ठिपकाच दिसला.

काही गोष्टी मात्र कोणत्याच यादीत बसत नाहीत. उत्तर मुकुट तारकासमूहातील 'टी' हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये अचानक उजळून नुसत्या डोळ्यांना दिसला होता आणि त्याच्या पुढच्या उद्रेकाकडे जगभरचे निरीक्षक डोळे लावून बसले आहेत. तो कोणत्या रात्री उजळेल हे सांगता येणार नाही. पण ज्याला त्या मुकुटातले नेहमीचे तारे पाठ आहेत, त्यालाच एखादा जास्तीचा तारा ओळखता येईल. धूमकेतूंचेही तसेच आहे. जुलै २०२० मध्ये डोळ्यांनी दिसलेला निओवाइज धूमकेतू त्याच वर्षीच्या मार्चअखेर सापडला होता, म्हणजे जानेवारीत छापलेल्या कोणत्याही यादीत तो असणे शक्य नव्हते.

डिसेंबरातला सुपरमून हा याद्यांचा शेवट असला, तरी ग्रहांना डिसेंबरशी देणेघेणे नाही. नोव्हेंबरच्या मध्यास मंगळ सिंह राशीत गुरूला मागे टाकतो, तिथेच रेंगाळतो आणि १९ फेब्रुवारी २०२७ला प्रतियुतीत येतो. ही प्रतियुती लांबची आहे, अंतर १० कोटी किलोमीटरहून थोडे अधिक, त्यामुळे तिचा गाजावाजा कमीच होईल. मघेची तेजस्विता सहसा बदलत नाही, म्हणून तिच्याशी तुलना करत मंगळ किती उजळत जातो याची नोंद नोव्हेंबरपासूनच सुरू करावी.