‘खेड्यातल्या पोरां’ना लिओ शिकवण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिओ या कोड लिहायच्या एडिटरबद्दल लिहिलं होतं. पायथॉनचा मोठा प्रोग्रॅम आउटलाइनमध्ये, म्हणजे फांद्याफांद्यांच्या झाडासारख्या यादीत, कसा मांडायचा आणि त्याचे नोड, म्हणजे शीर्षक असलेले छोटे तुकडे, कसे पाडायचे, एवढाच विषय होता. त्याखाली ‘सीनियर डेव्हलपर, पुणे’ अशा नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो:

‘लिओ हळू चालतं, दिसायला जुनाट आहे, अडलं तर विचारायला कुणी नाही. मी शॉर्टकट बदलून पाहिला, काही फरक पडला नाही. @फाइल वापरलं की सोर्स फाइलमध्ये सेंटिनलचा कचरा भरतो आणि गिटवर टीमला त्रास होतो. खेड्यातल्या पोरांना असला कचरा शिकवून त्यांची वर्षं वाया घालवू नका, इंडस्ट्रीत चालतं ते शिकवा.’

साहेब, दिसण्याचं मान्य. पहिल्यांदा उघडल्यावर लिओ देखणं वाटत नाही, आणि थीम बदलल्याशिवाय मीही कुणाला दाखवत नाही. पण शेवटचं वाक्य लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे नेमकी कोणती पोरं होती? तुम्ही त्यांच्यापैकी किती जणांना भेटलात? मतभेद मला चालतात, या ब्लॉगवर त्यासाठीच जागा ठेवली आहे. कुणाची वर्षं वाया जातात हे पुण्यात बसून परस्पर ठरवून टाकणं मला चालत नाही.

मी औसा तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर नांदेडला इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षी वर्गात सर काय बोलतात हे कळायलाच निम्मं सेमिस्टर गेलं, कारण सगळं इंग्रजीत. प्रोग्रॅमिंग अवघड नव्हतं. अवघड होतं ते दुसऱ्याने लिहिलेल्या लांबच लांब फायलीत शिरणं आणि कुठल्या फंक्शनचं कुठल्या फंक्शनशी काय नातं आहे ते शोधणं. ते दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून लातूरला आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहायला लागल्यावर माझ्याकडे शिकायला येणाऱ्या लेकरांवर तीच वेळ येऊ नये असं वाटलं.

आमच्या प्रोग्रॅमच्या आउटलाइनमध्ये नोडची शीर्षकं मराठीत आहेत. ‘शेतकऱ्याची पट्टी’, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, त्याखाली ‘तोलाई’, ‘हमाली’, ‘पोत्याचं वजन वजा’, ‘उचल वळती’. शीर्षकाखालच्या बॉडीत पायथॉनचा कोड. निलंग्याहून आलेला मुलगा पहिल्याच दिवशी हे झाड उघडतो आणि त्याला कळतं की पट्टी कशी तयार होते, कारण त्याच्या वडिलांनी सोयाबीन घालून अशाच पट्ट्या घरी आणलेल्या असतात. मग तो ‘हमाली’चा नोड उघडून कोड वाचतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८४ मध्ये साक्षर प्रोग्रॅमिंगची मांडणी केली ती याच विचाराने: प्रोग्रॅम आधी माणसाला समजावा अशा क्रमाने लिहायचा. एडवर्ड रीम यांनी लिओ बांधताना तोच धागा पकडला. दुहेरी कोनी कंसात लिहायची विभागांची नावं साक्षर प्रोग्रॅमिंगच्या नोवेब या साधनाकडून आली, ती त्याच परंपरेतली. यात वाया काय गेलं ते सांगा.

आता तुमचा ‘कचरा’. @फाइल नोडमधून लिओ फाइल लिहितो तेव्हा प्रत्येक नोडच्या सुरुवातीला एक कॉमेंट-ओळ घालतो, तिलाच सेंटिनल म्हणतात. पायथॉनमध्ये ती # ने सुरू होते, म्हणजे प्रोग्रॅम चालवताना तिच्याकडे कुणी बघतही नाही. त्या ओळीत तीन गोष्टी असतात: नोडची कायमची ओळख, तो झाडात कितव्या पातळीवर आहे, आणि त्याचं शीर्षक. आमच्या फायलीत म्हणूनच ‘तोलाई’ हा शब्द मराठीत दिसतो. लिओ फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, लिहितो, आणि पायथॉन ३ सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्येच आहे असं धरून चालतो, त्यामुळे देवनागरीला वेगळं काही करावं लागत नाही.

या ओळींनी आम्हाला काय दिलं ते ऐका. एका दुकानातल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. आउटलाइनची .लिओ फाइल त्यातच होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती. पेन ड्राइव्हवर फक्त पायथॉनच्या फायली होत्या. मी नवीन आउटलाइन उघडली, प्रत्येक फाइलसाठी @फाइल आणि पुढे तिचं नाव असा नोड केला, डिस्कवरून ताजं करण्याची आज्ञा दिली, आणि झाड मराठी शीर्षकांसकट परत आलं. जिल्ह्याच्या बाजारपेठेत, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही अशा दुकानात, फाइल स्वतःची रचना स्वतःबरोबर घेऊन फिरते याला किंमत आहे. तुमच्या ऑफिसात बॅकअप दुसरं कुणी घेत असेल. इथे तो मीच घेतो.

सेंटिनल नको असतील तर @क्लीन आहे. तो लेखात होता, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नाहीत. @क्लीनने लिहिलेली फाइल पूर्ण स्वच्छ असते. कुणी बाहेरून ती दुसऱ्या एडिटरमध्ये बदलली तरी लिओ फरक पाहून बदललेल्या ओळी योग्य नोडमध्ये बसवतो. दोन नोडच्या सीमेवर नवीन ओळ आली तर ती वरच्याची की खालच्याची हे त्याला ठामपणे कळू शकत नाही. ती चुकीच्या नोडमध्ये गेली तरी फाइल बिघडत नाही, आउटलाइनमध्ये ओळ हलवली की झालं. पण @क्लीनमध्ये रचना फक्त .लिओ फाइलमध्ये राहते. ती गेली की शीर्षकं गेली. अनेक हातांत फिरणाऱ्या फायलींसाठी @क्लीन, स्वतःच्या फायलींसाठी @फाइल, हा निर्णय मी अनुभवाने घेतलेला आहे. त्याला कचरा म्हणण्याआधी तो काय वाचवतो हे विचारायचं होतं.

शॉर्टकटचं. फरक पडला नाही, एवढंच तुम्ही लिहिलंत. नोड कुठे ठेवला, काय लिहिलं, काहीच नाही. तरीही सांगतो. @शॉर्टकट्स हा नोड @सेटिंग्जच्या पोटात असावा लागतो, बाहेर असेल तर लिओ त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बॉडीत आज्ञेचं नाव, बरोबरचं चिन्ह, कळ, असं एका ओळीत एक. तुमची मायलिओसेटिंग्ज ही फाइल होम फोल्डरमधल्या .लिओ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तुम्ही उघडलेल्या आउटलाइनमध्येच स्वतःचा @सेटिंग्ज असेल तर तो सगळ्यांवर चढतो, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. बदल करून लिओ बंद करा, पुन्हा उघडा. मग आल्ट-एक्स दाबून प्रिंट-बाइंडिंग्ज ही आज्ञा द्या. कळीपुढे कंसात खूण येते: डी किंवा मोकळी जागा म्हणजे मूळची, एम म्हणजे तुमच्या मायलिओसेटिंग्जमधली, एफ म्हणजे उघडलेल्या फाइलमधली. तुमच्या कळीपुढे एम किंवा एफ दिसलं नाही तर तुमचा नोड वाचलाच गेलेला नाही. आणि मराठी कीबोर्ड चालू ठेवून शॉर्टकट दाबत असाल तर आधी इंग्रजीवर आणून बघा.

जाता जाता, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी: मात्रा वरून कापल्यासारख्या दिसत असतील तर दोष फाँटचा असतो. कोडसाठीच्या बहुतेक समान रुंदीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते, मग दुसऱ्या फाँटमधून उसनी येते आणि ओळीच्या उंचीत बसत नाही. लिओचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटच्या सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी या फाँटचं नाव घाला आणि आकार थोडा वाढवा.

वेग, विचारायला माणसं, इंडस्ट्री वगैरे मुद्द्यांवर बोलत बसत नाही. आमच्या कामाला वेग पुरतो. एखादी चूक शोधताना क्लोन-फाइंड-ऑल आज्ञेने ‘हमाली’चा उल्लेख असलेले सगळे नोड मी एका जागी आणतो, तिथेच दुरुस्त करतो, आणि ते क्लोन, म्हणजे त्याच नोडचं झाडात दुसऱ्या जागी दिसणारं रूप, असल्यामुळे ती दुरुस्ती मूळ जागी आपोआप होते. माझ्याकडून शिकून गेलेली मुलं आज पुण्यात तुमच्याच इंडस्ट्रीत, तुम्ही सांगता तीच एडिटरं वापरून कामं करतात. त्यांना जड गेलेलं नाही.

शॉर्टकट अजूनही लागला नाही तर प्रिंट-बाइंडिंग्जमधली ती एक ओळ इथे चिकटवा, मी बघून उत्तर देईन. पोरांबद्दल पुन्हा काही लिहायचं असेल तर खाली स्वतःचं खरं नाव लावा. ती हा ब्लॉग वाचतात.