जुनी बंदूक विकायचीय? आधी ट्रंकेतले कागद काढा, मग भावाचं बोला

मराठवाड्यात देशमुखांच्या, इनामदारांच्या वाड्यात जुनी दुनळी नाहीतर ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक निघणं नवलाचं नाही. घरातलं म्हातारं माणूस जातं, वाटण्या होतात, शेताचं, वाड्याचं ठरतं आणि बंदुकीपाशी गाडी अडते. मग कुणीतरी मोबाइलवर लंडनच्या लिलावातला आकडा दाखवतो आणि ओसरीवर लाखांचे हिशेब सुरू होतात. आपल्याकडे भाव कागदासकट बंदुकीला असतो. बिनकागदाची बंदूक म्हणजे घरात आणून ठेवलेली केस.

लंडनचा आकडा तर विसराच. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक इथलंच, आणि तेही परवाना असलेलं. परदेशी बंदुकांची आयात 1980च्या दशकापासून जवळपास बंद असल्यानं जुन्या इंग्लिश बनावटीला मागणी टिकून आहे, हे खरं. पण शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनाच्या दोन केल्या. ज्याच्याकडे दोन आहेत तो तुमची तिसरी कशी घेणार? त्यात बीड जिल्ह्यात 2025मध्ये परवान्यांची मोठी छाननी होऊन बरेच रद्द झाले. अशा वेळी विकणारे वाढतात, घेणारे घटतात. भाव सांगताना हे धरूनच सांगा.

सगळ्यात आधी मात्र एक काम. ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेली आहे असं समजूनच हात लावा. नळीत बार (भरलेली दारू-गोळी) तसाच ठेवून बंदूक खुंटीला टांगायची जुनी सवय होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. तोंड माणसांकडे न करता, आपलं डोकंही नळीपुढे न आणता, लाकडी काठी अलगद आत सोडा, नळीच्या तोंडापाशी काठीवर खूण करा. मग काठी बाहेर काढून, खूण नळीच्या तोंडाशी लावून, नळीच्या बाहेरून धरून बघा. काठीचं टोक रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे बुडापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार असू शकतो. तो स्वतः उकरायचा नाही. पोलीस ठाण्याला किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला कळवा. दुनळी असेल तर बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्या बघा.

आता कागद. आपल्या भागात निजामी अमलातले उर्दू परवाने निघतात, वर फसली साल असतं. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1345 फसली हे 1935-36. हा कागद जपा, उर्दू वाचणाऱ्याकडून उतरवून घ्या. संग्राहकाच्या लेखी त्यानं बंदुकीचं वय आणि घराणं सिद्ध होतं. पण आजचा परवाना म्हणून त्याला काही किंमत नाही. 1959चा शस्त्र कायदा ऑक्टोबर 1962पासून लागू आहे आणि चालतो तोच. परवानाधारक वारला की वारसाचा मालकी हक्क उरतो, घरात ठेवायचा हक्क उरत नाही. कलम 21प्रमाणे बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. पुढे वारस स्वतः परवाना घेऊन ती सोडवू शकतो किंवा परवानाधारकाला विकून पैसे घेऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. विनापरवाना ठेवली तर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि "आजोबांची आहे हो साहेब" हे उत्तर कोर्टात टिकत नाही. वडील हयात असतील तर आणखी सोपं: वयाची 70 किंवा शस्त्र बाळगल्याची 25 वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. भावा-बहिणींची ना-हरकत तेव्हाच घेऊन ठेवा.

जमा करताना पावतीवर नंबर, बोअर (नळीच्या भोकाचं माप), नळीची लांबी आणि आजची अवस्था लिहून घ्या, फोटो काढा. पोलिसांच्या मालखान्यात पावसाळे काढलेली बंदूक परत येते तेव्हा नळीत गंजाचे खड्डे असतात, दस्ता (मागचा लाकडी भाग) तडकलेला असतो, आणि आधी कशी होती हे सांगायला तुमच्याकडे काही नसतं. परवडत असेल तर फी देऊन शस्त्रविक्रेत्याकडेच ठेवा.

बोअर नीट तपासा, कारण पुष्कळ सौदे इथेच मरतात. .455ची वेब्ली रिव्हॉल्व्हर, .303 रायफल, पोलिसांकडची .410 मस्केट, 20 इंचांपेक्षा कमी नळीची छऱ्याची बंदूक हे सगळं प्रतिबंधित वर्गात येतं. त्याचं गिऱ्हाईक जिल्ह्यात सहसा मिळत नाही. 12 बोअरची दुनळी, .315 रायफल, .32 रिव्हॉल्व्हर यांना बाजार आहे.

किंमत ठरवताना दुनळी खोला आणि नळीच्या सपाट बुडाखालचे तपासणीचे शिक्के भिंगानं बघा. लंडनचे की बर्मिंगहॅमचे, आणि फक्त काळ्या दारूचे की नायट्रोचे (बिनधुराच्या नव्या दारूचे), यावर पुष्कळ अवलंबून आहे. नळीवर पोलादात विणलेल्यासारखी वळणं दिसत असतील तर ती दमास्कस नळी. दिसायला देखणी, पण आजचं काडतूस तिच्यात घालणं म्हणजे बोटं गहाण टाकणं. ती शोभेची म्हणून विका. नळी, खालचं लाकूड आणि ॲक्शन (खटक्याची यंत्रणा असलेला भाग), तिन्हींवरचा नंबर एकच असायला हवा. कलकत्त्याच्या मॅन्टन किंवा रॉडा यांचं नाव कोरलेलं असलं तरी ते बरेचदा विकणाऱ्याचं असतं. बनवणारा वेगळा असू शकतो. नावाचं स्पेलिंग चुकलंय, शिक्के एकसारखे खोल नाहीत, तर गावठी नक्कल समजा. हाडाच्या नक्षीच्या "मोगलकालीन" तोड्याच्या (पेटत्या वातीनं उडणाऱ्या) बंदुका आजही नव्यानं बनतात. कुलपाच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) आतल्या बाजूला कानशीचे ताजे ओरखडे आणि सगळीकडे सारखाच गंज दिसला की ती ऐतिहासिक वगैरे काही नाही.

आणि हात जोडून सांगतो, पॉलिश पेपर मारू नका. दसऱ्याला शस्त्रपूजनाआधी ब्रासो घासायचा आणि वरून ओलं हळद-कुंकू लावायचं, यानं नक्षी बोथट होते, जुना रंग जातो आणि ओल कुलपात शिरते. पूजा करायची तर फूल वाहा, कुंकू खालच्या पाटाला लावा. नवीन ब्ल्यूइंग (पोलादाला निळसर-काळा रंग चढवणं) केलेल्या बंदुकीकडे संग्राहक बघतसुद्धा नाही. घासताना नंबर पुसला गेला तर कलम 8 आडवं येतं. ओळखखूण नसलेली बंदूक विकताच येत नाही.

विक्रीची वाट अशी. घेणाऱ्याचा परवाना चालू आहे का, त्यावर युनिक नंबर आहे का, त्या प्रकारच्या शस्त्राला जागा शिल्लक आहे का, हे मूळ पुस्तकावर बघायचं. व्हॉट्सॲपवरच्या झेरॉक्सवर जायचं नाही. मग जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं: बंदुकीचा प्रकार, बोअर, नंबर, तुमचा परवाना, घेणाऱ्याचं नाव-पत्ता. माझ्या मते दोन्हीकडे द्या आणि दोन्हीकडची पोच ठेवा. पोचेच्या तारखेपासून 45 दिवस जाऊ द्यायचे, मगच ताबा. टोकन घेतलं म्हणून आधी बंदूक द्यायची नाही. पैसे बँकेतून घ्या, आणि तुमच्या पुस्तकातली नोंद कमी झाल्याशिवाय व्यवहार संपला असं धरू नका. फेसबुकवर फोटो टाकून भाव मागणं तर साफ बंद करा, आधी भामटे येतात आणि मागून पोलीस.

फेब्रुवारी 2020च्या दुरुस्तीनंतर "क्युरिओ"ला (संग्रहात ठेवायच्या जुन्या शस्त्राला) परवाना लागत नाही, असं जो तो सांगतो. ते अर्धंच आहे. ठेवायला लागत नाही. वापरायला, बाळगून फिरायला आणि एका गावाहून दुसरीकडे न्यायला लागतो. आणि तुमची बंदूक क्युरिओ आहे हे तुम्ही स्वतः ठरवायचं नसतं, परवाना शाखेकडून लेखी घ्यायचं.

माझा खरा राग शस्त्र कायद्याच्या कलम 45 वर आहे. जुनी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही अशी असेल तरच तिला तिथे कायद्यातून सूट. म्हणून लोक चांगल्या नळीला भोक पाडतात, बुडाला वेल्डिंग मारतात, आणि दीडशे वर्षांचं काम भंगार करून मोकळे होतात. प्रत्येक जिल्ह्यात पुरातत्त्व खात्याचा माणूस आणि पोलिसांचा आर्मोरर (शस्त्रांची देखभाल करणारा) एकत्र बसवून वर्षातून दोनदा तपासणी ठेवली तर हे थांबेल. तोवर वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी संग्रहालयाला पत्र लिहा. देणगी म्हणून घेतात का विचारा, आणि हस्तांतरणाची परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयातूनच घ्या.